उत्तरेकडची खिडकी

नागपूरच्या मे महिन्याला शिव्या देऊन काही होत नाही, हे देवाजीला फार पूर्वीच कळलं होतं. शिवाय त्याचं पोट त्याच महिन्यावर चालायचं. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत तो एप्रिल ते जून रोजंदारीवर वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचा. पश्चिमेच्या खिडक्यांना ताट्या बांधायच्या आणि सकाळी दहापासून बादली-टमरेल घेऊन त्या भिजवत राहायच्या, म्हणजे आत बसलेल्यांना गारवा आणि वाळ्याचा वास मिळे. देवाजीला ऊन मिळे. असे एकोणीस उन्हाळे झाले होते. पूर्वी हिवाळ्यात तो काटोलला जाऊन संत्र्याच्या पेट्याही उचलायचा, पण आता कंबर गेली होती. पाणी मारणं तेवढं जमत होतं, आणि खरं सांगायचं तर तेही आता जिवावर येत होतं.

त्या वर्षी कचेरीत कूलर आला. पत्र्याची कपाटाएवढी पेटी, आत पंखा, तीन बाजूंना लाकडाच्या किसाच्या जाळ्या आणि त्यांच्यावर पाणी चढवणारा पंप. पाणीही टाकीतून नळीने थेट येणार, म्हणजे बादलीची गरजच संपली. देशकर साहेबांच्या खोलीतली ताटी उतरवून तिथे तो बसवला. साहेबांनी देवाजीला आत बोलावलं.

"शनिवारपर्यंत बघतो," ते म्हणाले. "बरा चालला तर सगळ्या खोल्यांना हेच लावू. नाही चालला तर परत पाठवीन, मग तू आहेसच. तोवर बाकीच्या ताट्या भिजवत राहा."

"बरं साहेब," देवाजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

कूलर काही बरा चालेना. आवाज मात्र गिरणीसारखा करायचा. दोष त्या बिचाऱ्या पेटीचा नव्हता. सरकारी खर्चाने आलेला गारवा बाहेर जाऊ नये, म्हणून साहेबांनी सगळ्या खिडक्या बंद करवल्या, फटींत वर्तमानपत्रं कोंबली आणि दार लोटायला शिपाई आनंदरावाला बसवलं. तिसऱ्या दिवशी खोलीची पार रया गेली. पाकिटं आपोआप चिकटली, टेबलाचे खण फुगून अडकले, फायलींना ओल्या पोत्याचा वास येऊ लागला. एवढे मोठे साहेब, पण घामोळ्यांपुढे त्यांचं काही चालेना. फुटपट्टीने पाठ खाजवत बसत.

आनंदराव खूश होता. "तुयं नशीब जोरावर हाये गा, देवाजी," तो म्हणाला. "साहेब त्या डब्याले शिव्या देऊन राह्यले. सोमवारी तुयी ताटी पुन्हा चढते का नाही पाह्य."

"चढू दे," देवाजी म्हणाला.

खोड कुठे आहे ते त्याला पहिल्याच दिवशी समजलं होतं. एका बाजूने ओला वारा आत घ्यायचा तर दुसऱ्या बाजूने आतली हवा बाहेर सोडावी लागते, हे ताटीवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. उत्तरेकडची खिडकी चार बोटं उघडली की काम भागणार होतं. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगून स्वतःच्या पोटावर पाय आणायला तो काही खुळा नव्हता. गुरुवार निम्मा सरला होता. दीड-दोन दिवस तोंड मिटून राहायचं, एवढंच.

दुपारी चारुलताबाई बाहेर आल्या. त्या साहेबांच्या खोलीत कोपऱ्यात बसून टाइपिंग करायच्या. सातवा महिना चालू होता. व्हरांड्यातल्या माठातलं दोन पेले पाणी प्यायल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. चेहरा ओलाचिंब, ओठ पांढरे.

"आत जीव घाबरतो हो," त्या म्हणाल्या. "बाहेरचं ऊन परवडलं."

"सुट्टी काहून नाही मागत, बाई?"

"सगळी रजा बाळंतपणासाठी ठेवलीय." पदराने मान पुसून त्या आत गेल्या.

देवाजी पुन्हा ताटीवर पाणी मारू लागला. आतून टाइपरायटरची टकटक येत होती. मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. मग थांबली ती थांबलीच. देवाजीने दहा टमरेलं वाट पाहिली. स्वतःचाच राग राग आला त्याला. शेवटी बादली ठेवून तो आत शिरला. साहेब बैठकीला गेले होते. बाई यंत्रावर डोकं टेकून बसल्या होत्या, डोळे मिटलेले.

त्याने उत्तरेकडच्या खिडकीतले कागद ओरबाडून काढले, टाचा उंचावून वरचा बोल्ट सरकवला आणि पल्ला ढकलला. कोंडलेली हवा बाहेर पडली, आणि कूलरचा वारा पहिल्यांदाच खोलीभर फिरला. टेबलावरचे कागद फडफडले. थोड्या वेळाने बाईंनी डोकं वर केलं, लांब श्वास घेतला आणि पाणी मागितलं.

साहेब यायच्या आत खिडकी पुन्हा लावता आली असती. देवाजीचा हात बोल्टापर्यंत गेलाही. मग त्याने बाईंकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

साहेब आले आणि दारातच थबकले. "अरे वा! चालायला लागला की!" खिडकीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. खुर्चीत बसून त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "आनंदराव, शनिवारची वाट बघायला नको. उद्या सगळ्या ताट्या उतरवून गोदामात टाका. आणि देवाजी, तुझं काम आजपर्यंतच."

आनंदरावाने उघड्या खिडकीकडे पाहिलं, देवाजीकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

कचेरी सुटली तेव्हा चारुलताबाई व्हरांड्यात थांबल्या. "जिवात जीव आला बघा," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी आठवणीने उघडाल ना? माझा हात नाही पोचत वरपर्यंत."

"उद्यापासून मी नाही, बाई. आनंदरावाले सांगून ठेवतो."

"का? सुट्टी?"

"हो. कूलर चालून राह्यला न, मग मले सुट्टीच."

"बरंच झालं!" बाई मनापासून हसल्या. "करा आराम. एवढ्या उन्हात तुम्हाला पाणी मारताना बघून आम्हालाच दमायला व्हायचं."

देवाजीने मान हलवली, आणि आनंदरावाला वरचा बोल्ट दाखवायला तो आत गेला.