श्रीरामचं पिल्लू

"यामिनी, ही वाटी आता तुझ्या भांड्यांत मिसळू नकोस गं," असं म्हणत शोभाकाकूंनी कोमट पाण्यातून उंदराचं पिल्लू उचललं. बोटाच्या पेराएवढं, गुलाबी, डोळेही न उघडलेलं. दोन बोटांत धरून त्यांनी ते हलकेच दाबून बघितलं. "आतून अजून गार आहे. थंडगार ताट पुढ्यात आलं तर कोण जेवेल?"

मी फ्रीजला पाठ लावून उभा होतो. चाळिशी ओलांडलेला माणूस, डॅलसजवळ अर्विंगमध्ये स्वतःचं घर, ऑफिसात हाताखाली बारा जण, पण टीव्हीवर साप दिसला तरी मी पाय सोफ्यावर घेतो. आणि आता माझ्याच फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी मेलेल्या उंदरांची पिशवी होती. यामिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यावर चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवसांत काकूंना घरात कुणीच कशाला नाही म्हणत नव्हतं.

काकूंची कराडला खानावळ आहे. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी तिथे जेवलो. त्यांच्या पंगतीत 'पुरे' या शब्दाला काडीची किंमत नव्हती. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून भात पडायचा. घरच्या आठवणीनं घास न उतरणारं नवीन पोरगं त्या पहिल्याच दिवशी हेरायच्या. त्याच्या शेजारी बसकण मारायची, घरी कोण कोण असतं, आई आमटीत काय काय घालते ते विचारायचं, आणि दोन दिवसांत त्याच्या ताटात नेमकी तशी आमटी वाढायची. पोरगं निमूट जेवायला लागायचं. त्यांचा एकुलता एक श्रीराम तेव्हा आमच्या ताटांमधून रांगत फिरायचा आणि कुणाच्याही पापडाला हात घालायचा.

तो श्रीराम एमएस करायला डॅलसला आला, आणि गेल्या महिन्यात हायवेवर एका ट्रकखाली त्याची गाडी गेली. चोवीस वर्षांचा होता. याहून जास्त मला सांगवत नाही.

काकू एकट्याच आल्या. दिगंबरकाकांना अर्धांगवायूनंतर अंथरुणातून उठता येत नाही. त्यांना शेजारीपाजारी आणि खानावळीतली पोळ्यावाली बाई आळीपाळीनं बघत होती. काकूंना विमानतळावरून घरी आणताना मी रडत होतो आणि त्या माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या. त्या स्वतः रडल्या नाहीत. अंत्यसंस्काराच्या वेळीही नाही.

दहावा आम्ही इथेच, तळ्याकाठी केला. गुरुजी प्लेनोहून आले. पिंड मांडले आणि आम्ही दहा-बारा जण बाजूला जाऊन उभे राहिलो. पण इथे कावळे कुठून आणायचे? आले ते ग्रॅकल. काळे, लांब शेपटीचे, इथल्या प्रत्येक पार्किंग लॉटमध्ये माणसांच्या पायांत येणारे. ते पिंडांभोवती फिरले, कुणीतरी सांडलेल्या चिप्सकडे वळले आणि उडून गेले. मग आपल्याकडे करतात तसं आम्ही एकेक जण पुढे होऊन बोलायला लागलो. जाणाऱ्याचा जीव कशात अडकला असेल ते ओळखून शब्द द्यायचा, की मग कावळा शिवतो. "श्रीराम, बाबांकडे आम्ही लक्ष देऊ." "आईला एकटं पडू देणार नाही." काकू ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. शास्त्रात तशी सोय आहे म्हणे.

परतताना गाडीत काकू एवढंच म्हणाल्या, "गवताचा कावळा."

त्यानंतर आम्ही श्रीरामची खोली आवरायला गेलो. कपाटात खालच्या फळीवर प्लास्टिकचा पेटारा होता, त्यात पेन्सिलीएवढं बारीक, नारिंगी सापाचं पिल्लू. मी दाराबाहेर गेलो ते गेलोच. आत काकू आणि इला राहिल्या. इला श्रीरामच्या युनिव्हर्सिटीतली मैत्रीण. तिचे आईवडील ठाण्याचे, पण ती इथेच जन्मलेली. ती हे कॉर्न स्नेक पाळते. विषारी नसतात, घरोघरी पाळतात इथे. तिच्याकडच्या अंड्यांतून निघालेली बाकी पिल्लं आठवड्याभरात उंदीर गिळायला लागली, हे एक तोंडच लावेना.

"अशी पिल्लं असतात, मावशी," इला तिच्या सावकाश मराठीत सांगत होती. "दे जस्ट वोन्ट ईट. सगळे म्हणाले, सोडून दे, मरेल तो. पण श्रीराम म्हणाला, मी घेतो. म्हणाला, माझी आई न जेवणाऱ्या मुलांची स्पेशालिस्ट आहे. मी तिचाच मुलगा आहे."

काकूंनी तो पेटारा मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "ह्यानं खाल्ल्याशिवाय मी परत जायची नाही."

दुःखात माणूस काहीही बोलतं, असं मला वाटलं. पण त्यांनी खरोखरच मला तिकीट पुढे ढकलायला लावलं, आणि पेटारा आमच्या गेस्ट रूममध्ये आला.

इलानं दुकानातून गोठवलेल्या उंदरांची पिशवी आणून दिली आणि त्यांना सगळं समजावून दिलं. रानात ही पिल्लं सुरुवातीला पालीसरड्यांवर जगतात, उंदराचा वास त्यांना परका. म्हणून उंदीर साबणानं धुवायचा, नीट खळबळून घ्यायचा आणि पालीच्या अंगावर घासायचा. आमच्या मागच्या दारावरच्या दिव्यापाशी पाली असतातच. इलानं एक पाल डब्यात पकडली, तिच्या पाठीवर उंदीर घासला आणि तिला सोडून दिलं. काकू कौतुकानं बघत होत्या.

"म्हणजे ह्याच्या आईची आमटी पालीची होय!" त्या म्हणाल्या. "मग आधीच सांगायचं नाही का?"

आम्ही हसलो. तो महिना सुरू झाल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं असेल.

मग एका छोट्या डब्यात टिश्यू पेपर घालायचा, सापाचं पिल्लू आणि उंदीर आत ठेवायचे, भोकं पाडलेलं झाकण लावायचं, वर फडकं टाकायचं आणि डबा कपाटात ठेवायचा. एवढं केलं की निघून जायचं. इलानं हे पुन्हा पुन्हा बजावलं होतं. "त्याला कोणी बघत असेल तर तो खात नाही, मावशी. ही इज स्केअर्ड. सकाळपर्यंत उघडायचं नाही." काकूंनी मान डोलावली.

सकाळी उंदीर तसाच होता. पुढच्या खेपेलाही तसाच. त्यानंतरही तसाच. पिल्लाच्या पाठीचा कणा आता वरून दिसायला लागला होता. मला, ज्याला सापाकडे बघवत नाही, त्यालासुद्धा ते दिसलं. रोज संध्याकाळी, म्हणजे कराडच्या पहाटे, काकांचा फोन यायचा. त्यांची जीभ नीट वळत नाही. "शोभे, कधी येतीस?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारायचे. काकू म्हणायच्या, "येते हो. थोडं राहिलंय." फोन ठेवला की कपाटाच्या दिशेनं जायच्या.

हे यामिनीच्या लक्षात आलं. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा गेस्ट रूमच्या दारात ती उभी होती. आत काकू कपाटासमोर जमिनीवर बसल्या होत्या. फडकं बाजूला, झाकण उघडं, आणि त्या डब्यात वाकून बोलत होत्या.

"खा रे राजा. एक घास. एवढासा तर आहे. कुणी तुला रागावणार नाही."

"काकू," यामिनी हळूच म्हणाली, "तुम्ही रोज उघडता ना हे?"

काकू दचकल्या नाहीत. "उघडते. एकटं कसं जेवेल गं ते? माझ्या खानावळीत एकट्यानं कुणी जेवलेलं नाही."

"पण तुम्ही समोर असलात की ते खात नाही. इला किती वेळा सांगतेय. असंच चाललं तर ते मरून जाईल, काकू."

काकूंनी झाकण लावलं. फडक्याच्या घड्या सारख्या करत बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ठाऊक आहे मला."

मला तेव्हा वाटलं, म्हातारीचा हेका. मायेनं माणसाला शहाणपण सुचत नाही म्हणतात, तसलं काहीतरी. मी जरा वैतागलोही. तिकडे काका अंथरुणाला खिळलेले, इकडे ही बाई डबा उघडून बसलेली. मी बोलून गेलो, "काकू, ह्या रविवारचं विमान आता चुकवून चालायचं नाही."

"नाही चुकवत," त्या म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी पुन्हा सगळं स्वतः केलं. उंदीर धुतला, कोमट केला, इलानं आणून दिलेली पाल धरली, उंदीर तिच्या अंगावर अलगद घासला. त्यांच्या हाताला कसली घाई नव्हती. पिल्लू डब्यात सोडलं. झाकण लावलं. आणि मग डबा माझ्यापुढे धरला.

"तू ठेव, प्रसाद. तुझ्या खोलीत ठेव. कुठं ते मला सांगू नकोस."

यामिनी पुढे व्हायला लागली, पण काकूंनी डबा माझ्यासमोरून हलवला नाही. मी तो दोन्ही हातांत घेतला. वजन असं काही नव्हतंच. आत काहीतरी सरकलं आणि ते माझ्या तळहाताला जाणवलं. मी श्वास रोखून जिना चढलो आणि आमच्या कपाटात माझ्या शर्टांच्या मागे डबा ठेवला. दार ओढून घेतलं. खाली आलो तेव्हा काकू सोफ्यावर ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर. जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, "आज नको. तुम्ही बसा." यामिनीनं आग्रह केला नाही. आम्ही दोघं गुपचूप जेवलो आणि काकू जिन्याकडे पाठ करून बसून राहिल्या.

सकाळी इला आली. बॅगा दारापाशी भरून तयार होत्या. श्रीरामच्या अस्थींचा कलश काकूंच्या हातातल्या पिशवीत होता. कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर न्यायचा होता. मी वरून डबा आणला आणि डायनिंग टेबलावर ठेवला. काकू खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"तू उघड," त्या इलाला म्हणाल्या.

इलानं फडकं काढलं, झाकणाची एक कड उचलली आणि तिथेच थांबली. मग तोंडावर हात घेऊन ओरडली, "ओ माय गॉड! खाल्लं! मावशी, खाल्लं त्यानं!"

टिश्यूच्या घडीत पिल्लू वेटोळं घालून निजलं होतं आणि त्याच्या पोटात एक फुगवटा दिसत होता. यामिनीनं टाळ्या वाजवल्या. मीही हसत होतो, सापापासून वीतभर अंतरावर उभा राहून. इला रडत होती, हसतही होती. "आता दोन दिवस कोणी हात लावायचा नाही, पचू दे. मग मी येऊन नेते. ही विल लिव्ह, मावशी! तुम्ही वाचवलंत त्याला!"

"सगळं खाल्लं?" काकूंनी विचारलं.

"सगळं."

"मागं काही ठेवलं नाही?"

"काहीच नाही."

काकूंनी टेबलाची कड धरली. "म्हणजे गेला," त्या म्हणाल्या. "शिवला कावळा. गेला माझा श्रीराम."

इलाला काही कळलं नाही, तिनं माझ्याकडे बघितलं. मला मात्र तेवढ्यात सगळं कळलं आणि माझी मलाच लाज वाटली. ज्या बाईनं शेकडो परकी पोरं जेवती केली, तिला काय कळत नव्हतं?

"ते उपाशी होतं ना, तोवर वाटायचं की ह्याचं काहीतरी राहिलंय," काकू म्हणत होत्या. "अडकलाय. इथंच कुठंतरी आहे. रोज ठरवायचे, आज उघडायचं नाही. आणि हात जायचाच रे. ते मरू नये असंही वाटायचं आणि त्यानं खाऊ नये असंही वाटायचं. काय करू मी?"

आणि मग त्या रडल्या. महिनाभर न रडलेली बाई रडताना मी प्रथमच बघत होतो. मोठ्यानं, तोंड न झाकता, लहान मुलासारख्या. यामिनीनं त्यांना धरलं. इला त्यांच्या पायांशी जमिनीवर बसली आणि तिनं त्यांचे गुडघे मिठीत घेतले. मी नुसता खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो.

पुष्कळ वेळानं काकूंनी पदरानं चेहरा पुसला. "पाणी तापलंय का गं?" त्यांनी यामिनीला विचारलं. आदल्या तासाभरातच त्यांची आंघोळ झाली होती. यामिनीनं टॉवेल काढून दिला. आम्हाला बाथरूममधून पाण्याचा आवाज येत राहिला. विमानाला उशीर होतोय हे मला दिसत होतं, पण मी दार वाजवलं नाही.

ओल्या केसांनी त्या बाहेर आल्या. इलाच्या गालावरून हात फिरवला, यामिनीला जवळ घेतलं, पिशवी उचलली. टेबलावर डबा तसाच उघडा होता. त्याला वळसा घालून त्या दाराकडे निघाल्या.

"मावशी, एकदा बघा ना," इला मागून म्हणाली. "किती छान झोपलाय."

काकू थांबल्या. उंबऱ्यावर, चपलेत अर्धा पाय घालून. दहाव्याहून परतताना मागे वळून बघायचं नसतं.

"झोपू दे," त्या म्हणाल्या, दुसरी चप्पल पायात सरकवली, आणि गाडीत जाऊन बसल्या.