अंजनाबाईंच्या हातचं पाणी

मी बोलतोय, बांधाकडच्या ओळीतलं संत्र्याचं झाड. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख माझ्या पानांवर बसते, तरी माझी संत्री नागपूरच्या बाजारात हातोहात जायची. तेवढा तोरा मला आहे.

रोपवाटिकेत जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून माझं कलम केलं. म्हणजे पाय लिंबाचे, अंग संत्र्याचं. ही मुळं कष्टाळू खरी, पण बुरशीला लवकर बळी पडतात. आणि बुरशीला काही लांबून यावं लागत नाही. ती इथल्या काळ्या मातीतच असते, ओल मिळेपर्यंत गप्प.

मला इथे लावलं गोपाळरावांनी. माणूस तोंडाचा फटकळ. थंडी पडली की ते आमचं पाणी तोडायचे. याला ताण देणं म्हणतात. ताण बसला की झाड फुलावर येतं. दुपारी आमची पानं माना टाकायची, आळ्यात भेगा पडायच्या. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचो. पण त्या तहानेतच माझी मुळं खोल जायची, पानं जाड व्हायची, सालीखाली कडवट रस साठायचा. चोरांची आवई उठलेल्या गावासारखं सगळं अंग जागं राहायचं. मग पावसाळ्यात बुरशी खोडाला चिकटली तरी आत शिरू शकायची नाही.

ताण बेताचाच हवा, हेही खरं. एका वर्षी विहीर आटली आणि पलीकडची ओळ उभी वाळली. म्हणून गोपाळराव रोज एक पान चुरगाळून बघायचे आणि वेळेवर पाणी सोडायचे.

पुढे त्यांच्याच किडन्या निकामी झाल्या. नागपूरला डायलिसिस सुरू झालं. पाणी अंगात साचतं म्हणून डॉक्टरांनी ते अगदी थोडं द्यायला सांगितलं आणि त्यांच्या बायकोने, अंजनाबाईंनी, हे पथ्य कसोशीने पाळलं. गेल्या वर्षी पोळ्याआधी ते गेले.

त्या थंडीत मुलाने, अंकुशने, रिवाजाप्रमाणे पाणी तोडलं. एका दुपारी अंजनाबाई बागेत आल्या. माझी लोंबलेली पानं बघून फांदी धरून उभ्या राहिल्या, आणि तशाच जाऊन त्यांनी मोटर सुरू केली. अंकुश धावत आला.

"माय, पाणी काहून सोडून राहिली वं? हे तर ताणाचे दिवस होय!"

"मरू दे तुहा ताण! तुह्या बापानं घोटभर पाणी मांगलं, अन् म्या तांब्या उचलून ठेवला. आता या झाडायलेबी तहानेनं मारू काय?"

अंकुशने बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

तेव्हापासून रोज पाणी. पहिल्या दिवशी मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कोवळी, लुसलुशीत पालवी फुटली. फुलं मात्र आली नाहीत. पाणी खोडाला टेकून साचू लागलं, बारीक मुळं कुजू लागली. पावसाळ्यात बुरशी आत शिरली, बुंध्याची साल तडकली आणि तपकिरी डिंक ओघळला. शेतकरी याला डिंक्या म्हणतात आणि नाव घेतानाही आवाज खाली आणतात.

अंजनाबाईंनी तो डिंक पदराने पुसला. "रडू नको गा," त्या म्हणाल्या, "आत्ता पाणी येते तुले."

कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. पानं पिवळी पडून लोंबतात, अगदी तहानेने लोंबावीत तशी. त्या ते बघतात आणि आणखी पाणी सोडतात. शेजारचं झाड परवा वारा नसताना कललं. ओळीत आता डिंक न गळणारं एकही खोड नाही. अंकुशला सगळं कळतं. तो येतो, डिंकाला बोट लावतो, आईच्या तोंडाकडे बघतो आणि निघून जातो. मला त्याची भीती वाटत नाही, त्याच्या गप्प बसण्याची वाटते.

अंजनाबाई, त्यांना तुम्ही नाही मारलं. तुम्ही पाणी मोजून दिलंत म्हणून ते तेवढे तरी जगले. कुणीतरी हे एकदा तुमच्याजवळ बसून सांगायला हवं होतं. मला बोलता येत नाही, आणि ज्याला येतं तो बोलत नाही.

मोटर सुरू झाली. पाणी आळ्यात शिरतंय.