सुतकातली बाग

कमलाक्षीच्या बागेत उमललेलं फूल बघायला मिळणं म्हणजे दुर्मीळ गोष्ट. मोगऱ्याची कळी संध्याकाळी टपोरी झाली रे झाली, की तिने खुडलीच. अबोली उजाडायच्या आत परडीत. पार्से गावातल्या बायका थट्टेने म्हणत, हिच्या झाडांना फुलायचं असतं हेच ठाऊक नाही. पण तिचा हिशेब सरळ होता. आधी घरचे देव, मग देऊळ, मग शेजारणी, आणि त्यातून काही उरलंच तर तिचा स्वतःचा अंबाडा. बहुधा उरायचं नाहीच.

ऐन चैत्रात ही बाई रात्री जेवूनखाऊन झोपली ती उठलीच नाही. घराला सुतक लागलं. देवांची पूजा थांबली, फुलं कुणी तोडेना. मग बाग अशी फुलली की रस्त्याने जाणारे कुंपणाशी थबकू लागले. घरात माणूस गेलेलं आणि परसात हा उत्सव. सून सुलोचनाला तिकडे बघवत नव्हतं.

तिला खरी धास्ती होती ती सासऱ्यांची. बाबली त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीतल्या खाटेवरून उठले नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडायचे, पेजेचे दोन घोट घेऊन वाटी सरकवायचे. मुलगा रुद्रेश डॉक्टरांना घेऊन आला. त्यांना दुखणं सापडलं नाही. सुलोचनाच्या माहेरी, सातार्ड्याला, तिचे स्वतःचे वडील असेच आईमागोमाग वर्षाच्या आत गेले होते. भिंतीकडे वळलेलं ते तोंड तिच्या ओळखीचं होतं, आणि तिला ते पुन्हा बघायचं नव्हतं.

अशात एका सकाळी तिच्या हातून व्हायचं ते झालं. लग्न होऊन आल्यापासून ती सासूमागे परडी धरून बागेत जायची. त्या दिवशीही डोळ्यांवर झोप असताना पाय तिकडे वळले, हात चालत राहिले. देवघराच्या उंबऱ्याशी विझलेलं निरांजन दिसलं तेव्हा कुठे ती भानावर आली. परडी काठोकाठ भरलेली. देवाला चालत नाही, झाडाला परत लावता येत नाही, आणि फूल कुणाच्या पायाखाली आलेलं सासूला कधी खपलं नव्हतं.

मोगऱ्याचा वास बाहेरच्या खोलीत गेला. बाबलींनी मान वळवली. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते सुलोचनाला बघून मावळलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, सवयीन खुडली," ती म्हणाली. "सुतकाचा ध्यानातच रवला नाय."

बाबलींनी परडीकडे बघितलं. मग खाटेच्या कडेला हात रोवून उठून बसले.

"देवाक चलना नाय, तर ती तिची," ते म्हणाले. "जल्मभर उरलेली माळली तिणा. सुतक फिटापर्यंत देव काय मागूचे नाय गो. तवसर सगळी बाग तिची."

त्यांनी हात पुढे केला. सुलोचनाने एका हाताने परडी सावरली, दुसऱ्याने त्यांना धरलं आणि दोघं परसात उतरली. ऊन अजून कोवळं होतं. तांबड्या जास्वंदी फांद्यांना भार होईल इतक्या उमलल्या होत्या, सोनचाफ्याखाली पिवळ्या पाकळ्या पडल्या होत्या. अबोलीच्या वाफ्याला वळसा घालून ते मोगऱ्यापाशी आले. खुडायच्या राहिलेल्या कळ्या कधीच उमलून गेल्या होत्या. बाबलींनी वाकून एक फूल बोटांवर घेतलं, तोडलं नाही.

लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात बाबली आणि कमलाक्षी दोघांनी मिळून तो मोगरा लावला होता, हे सुलोचनाला तेव्हा कळलं. पाणी ते घालायचे, पण असा फुललेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. तिने बघायलाच दिला नाही, असं म्हणून ते चक्क हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. सुलोचनाने त्यांना रडू दिलं. तिलाही रडायचंच होतं.

विहिरीकाठच्या ज्या दगडावर बसून कमलाक्षी फुलं ओवायची, तिथे बाबलींनी परडी रिकामी केली. एकही फूल देवासाठी बाजूला काढलं नाही. मग शेजारी टेकले आणि म्हणाले, पेज असली तर आण, लोणच्याची फोडही आण.

सुलोचना लगबगीने घराकडे निघाली, तशी मागून हाक आली.

"फाल्यां सकाळी माका उठय गो," बाबली म्हणाले. "आपल्याक अबोली उजाडच्या आदी खुडूक जाय."