ट्रकच्या वाटेवरचा पेरू

वखारवाल्याने शाळेला फळझाडांची रोपं द्यायचं जाहीर केलं, तेव्हा लोक तोंडावर वाहवा म्हणाले आणि पाठ वळताच हसले. करून करून भागला, देवपूजेला लागला. अर्धा डोंगर याच्याच ट्रकने बोडका केला, आणि आता हा पोरांना झाडं लावायला शिकवणार.

त्याची धाकटी बहीण मात्र हसली नाही. शाळेने त्याच्या पैशातून पेरू, लिंबू, डाळिंब, तुती अशी सगळी रोपं मागवली ती तिच्याच रोपवाटिकेतून. पोरं तिला आत्या म्हणत, पण खरी आत्या ती एकाच पोरीची होती, भावाच्या लेकीची. पोरगी एका जागी टिकायची नाही, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलेलं. बहीणभावाचं बोलणं बंद होतं, तरी शाळा सुटली की भिंगरी आत्याकडे येऊन पिशव्यांत माती भरत बडबड करायची. आत्याला बोलायला दुसरं होतंच कोण?

बोलणं तुटलं ते आईपायी. आत्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घेऊन गेली, तेवढ्यात भावाने घरामागची जांभळं तोडून वखारीत नेली. आईनेच लावलेली, आईनेच वाढवलेली. घरी आल्यावर आईने मागच्या खिडकीतून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "डॉक्टरने डोळे बिघडवले गं माझे. झाडं दिसत नाहीत." खरं सांगायची आत्याची छाती झाली नाही. भाऊ शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "दिसतील हळूहळू."

आई गेली ती डॉक्टरला बोल लावतच. जांभळांचं एक वेळ आत्या विसरली असती. ते 'हळूहळू' ती विसरली नाही, आणि विसरायचा तिचा विचारही नव्हता.

आता वखारीचा ट्रक डोंगरावर जायचा तो शाळेच्या मागच्या मैदानातून. दुसरी वाट नव्हती. एकीकडे ओढा, दुसरीकडे कडा. आत्याने खड्ड्यांच्या जागा आखायचं काम आपणहून मागून घेतलं आणि चुन्याची फक्की टाकली. वाटेच्या दोन्ही कडांना रोपांच्या रांगा, आणि एक खड्डा थेट वाटेत, चाकाने पाडलेल्या चाकोरीत.

मोठ्या बाई बघायला आल्या. शाळा त्याच चालवत. "अहो, इथून ट्रक जातो ना?"

"जातो. पण मैदान शाळेचं आहे. कुणी विचारून जातो का?"

मोठ्या बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरं. खड्डे खोल घ्या म्हणजे झालं," असं म्हणून त्या निघून गेल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी वखारवाला कडक इस्त्रीत आला. भाषण ठोकलं. हे प्रत्येक झाड म्हणजे माझं लेकरू, याच्या पानाला कुणी हात लावला तर गाठ माझ्याशी आहे. टाळ्या पडल्या. मग लेकीबरोबर पेरूचं रोप लावतानाचा फोटो काढायचा म्हणून त्याला आत्याने भिंगरीला नेमून दिलेल्या खड्ड्याशी नेलं. तो वाकला, त्याला चाकोरी दिसली, आणि त्याने मान वर करून बहिणीकडे पाहिलं.

"दादा, माती नीट दाब," आत्या म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. फोटोवाला समोरच होता. त्याने माती दाबली.

भिंगरीने त्या पेरूला जीव लावला. डब्यातलं उरलेलं पाणी त्याला, सकाळची पहिली चक्कर त्याच्याकडे. नवं पान फुटलं की आत्याला येऊन सांगायची. आत्या मन लावून ऐकायची आणि मनात म्हणायची, लाव, अजून जीव लाव. जितका लावशील तितकं तुझ्या बापाला लागेल.

लाकूडतोड पुन्हा सुरू झाली तसा भाऊ रोपवाटिकेत आला. "ते रोप काढ."

"मी लावलेलं नाही. तुझ्या लेकीचं आहे. तिला सांग."

"लहान पोरीला मध्ये घालतेस? लाज नाही वाटत?"

"हळूहळू वाटेल," आत्या म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी शाळेत कुणी नसताना ट्रक वर गेला. ड्रायव्हरने नाही म्हटलं, म्हणून मालक स्वतः चालवत होता. दुपारी भिंगरी मोडलेला पेरू हातात धरून आत्यापुढे उभी राहिली. आत्याच्या मनात आनंदाची उकळी फुटली, अगदी खरी. आता जन्मभर ही बापाला माफ करणार नाही.

"आत्या, ट्रक तिथून जातो हे तुला माहीत होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तसं खोटं बोलणारा एक माणूस घरात पुरे होता. "होतं."

"म्हणून मला तो खड्डा दिलास?"

"हो."

भिंगरी रडली नाही. "मग दुसरं दे. काटे असलेलं."

तिने लिंबाचं रोप स्वतःच उचललं, कुदळ घेतली आणि चालू लागली. आत्या मागे धावली. ट्रक अजून वरच होता आणि परत त्याच वाटेने उतरणार होता. पोरीने कुणाची मदत न घेता खड्डा उकरला, लिंबू लावलं आणि शेजारी मांडी घालून बसली.

ओंडक्यांनी भरलेला ट्रक वळणावरून खाली आला आणि थांबला. वखारवाला उतरला. "ऊठ तिथून. हिने शिकवलं ना तुला?"

"तिने मुद्दाम लावायला दिलं आणि तू मुद्दाम मोडलंस," भिंगरी म्हणाली. "मी तुझ्याशी बोलणार नाही. तिच्याशीपण नाही."

मग ती उठली आणि लिंबाला पाणी आणायला शाळेच्या नळाकडे गेली. वाट मोकळी होती, इंजिन चालू होतं. केबिनमध्ये चढून वखारवाल्याने किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. तिथेच तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला.

भाऊ असा मोडलेला बघायची आत्याची कितीतरी वर्षांची इच्छा होती. तिने डोळे भरून पाहून घेतलं. पाण्याचा डबा घेऊन भिंगरी परत आली, तेव्हा आत्याने ओझं घ्यायला हात पुढे केला. पोरगी तिला वळसा घालून गेली.