लंगडीची बहीण

आमच्या गायरानावर प्लॉट पडले आणि त्याच साली पाऊसही गेला. तेव्हापासून लागोपाठ तीन उन्हाळे आईनं मेंढरं ट्रकात घालून कोकणात नेली. तिथं समुद्राकाठी कोळशावरचा वीजप्रकल्प आहे, त्याच्यामागं गवत होतं, ओढ्याला पाणी होतं. गवतावर कायम राख. आई झटकून चारायची. पण शंभर मेंढरांचं गवत एकटी बाई किती झटकणार?

तिसऱ्या उन्हाळ्यात मेंढरांचे दात पार खुंटापर्यंत झिजले. चारा चावता येईना. प्रकल्पावरचा साहेब म्हणाला, "राखेनंच झालं असं डॉक्टरचं लिहून आणा, मग खुराकाचं बघू." लिहून आणा! आमच्या गवतावर राख टाकताना यांना कुणाचं लिहून लागलं नव्हतं.

मी बिभीषण, औरंगपुऱ्यात रिक्षा चालवतो. आई कस्तुराबाई आणि दोन मेंढ्या मागं कोंबून मी शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेल्या. एक दात झिजलेली. दुसरी मेंढी आईनं मुद्दाम घेतली होती. ती पहिलीची जुळी बहीण. लंगडी असल्यानं ती कोकणात कधी गेलीच नाही, घरीच दारात चारा खाऊन राहिली.

दोन तास ताटकळल्यावर डॉक्टर आले. त्यांनी लंगडीचा ओठ वर केला. "चार वर्षं. दात झकास." मग तिच्या बहिणीचं तोंड उघडलं. "ही म्हातारी आहे. दहा तरी असेल."

"सायेब, दोघी एकाच दिवशी झाल्यात," आई म्हणाली. "मीच यांच्या मायला सोडवलं. ही राख खाऊन अशी झाली."

"तोंडी चालत नाही, बाई. आम्ही वय दातांवरूनच काढतो."

मी म्हटलं, राख तपासा. तर तशी सोय नाही. मग कोकणात येऊन बघा. तर तो जिल्हा आमच्याकडं नाही. माझं डोकं असं सणकलं, की आईनं माझा हातच धरून ठेवला.

डॉक्टरांनी दोन कागद लिहून शिक्के मारले. मी आईला वाचून दाखवलं. लंगडी, वय चार. दुसरी, वय दहा, दात वयोमानानं झिजलेले. घरी मेंढरं चाऱ्यापुढं नुसती उभी होती आणि माझ्या हातात हे असलं.

आईनं कागद परत टेबलावर ठेवले.

"सायेब, एवढंच वाढवा. जुळ्यातली एक दुसरीपरीस सहा वर्षांनी थोरली हाय."

"असं कसं लिहिणार, बाई?"

"मंग आत्ता काय लिवलं?"