फ्रेमपायी उचललेली येलेना

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, वय शंभराच्या पुढे. माझ्यात बेलग्रेडच्या रंगभूमीवरची नटी येलेना उभी आहे. भरतकामाचा एप्रन, मखमली जाकीट, गळ्यात नाण्यांची माळ, असा सर्बियातल्या खेडुतांचा पोशाख तिने एका नाटकासाठी घातला होता. जन्मात कधी गाईच्या आचळाला हात न लावलेली ही बाई स्टुडिओत रंगवलेल्या डोंगरापुढे दुधाची चरवी घेऊन उभी राहिली. सोंगच होतं ते, पण काय ऐटीत वठवलं होतं!

तिची नात वेस्ना मला अमेरिकेत, ॲन आर्बरला घेऊन आली. चाळीस वर्षं मी तिच्या हॉलमध्ये नक्षीदार फ्रेममध्ये मानाने राहिलो. २००४ साली वेस्नाआजी वृद्धाश्रमात गेल्या. त्यांच्या मुलाने घरातलं सगळं गॅरेजपुढे मांडून विकायला काढलं, आणि त्यात मीही गेलो. त्याच्याविषयी बोलून मी तोंड विटाळत नाही.

शेजारच्या सुमेधाने मला उचललं. मला कसलं, फ्रेमला! घरी नेऊन तिने मागचे बारीक खिळे उपसले आणि मला रिसायकलच्या डब्यात टाकलं. माझ्या जागी गेला तिचा फोटो. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतला, कोळणीच्या वेशातला, डोक्यावर प्लॅस्टिकच्या माशांची टोपली. बाई जन्माची शाकाहारी!

त्या दुपारी तिची भाची देवयानी जेवायला आली. ती इथेच पीएचडी करत होती. डब्यात कागदी रुमाल टाकायला गेली आणि तिला मी दिसलो.

"मावशी, हा शेजारच्या आजींचा फोटो ना? तू थ्रो केलास?"

"अगं, कुणीतरी खेडवळ बाई आहे. फ्रेम बघ, किती क्यूट!"

"खेडवळ? त्यांची आजी ॲक्ट्रेस होती. मी स्नो काढून द्यायला जायचे, तेव्हा दरवेळी सांगायच्या."

"मग मी पण ॲक्ट्रेसच की," सुमेधा काच पुसत म्हणाली.

मित्रांनो, फोटोला हसता येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा खटकलं.

देवयानीने मला वहीत घालून बसने वृद्धाश्रमात नेलं. वाटलं, वेस्नाआजी रडतील. त्यांनी मला डोळ्यांशी धरलं आणि खुदकन हसल्या.

"हे जाकीट तिला भयंकर टोचायचं. प्रयोगभर शिव्या घालायची." मग म्हणाल्या, "फ्रेम कुठाय?"

देवयानीने मान खाली घातली. "मावशीला आवडली."

"लखलाभ! तिला तेवढंच दिसलं." आजींनी मला तिच्या हातात परत ठेवलं. "हा माझ्याकडे नको. माझा मुलगा पुन्हा विकेल. तू ठेव. पण आधी लिहून घे."

आजी सांगत गेल्या आणि देवयानी माझ्या पाठीवर पेन्सिलीने लिहीत गेली, नाव, नाटक, साल. आजी थकल्या, तेव्हा पाठीवर बोटभरही जागा उरली नव्हती.

आजी पुढच्या वर्षी वारल्या. मी देवयानीच्या टेबलावर आहे, बिनफ्रेमचा. तुमच्याही घरात असं कुणी अनोळखी माणूस फोटोत उभं असेल. सांगणारं कुणी आहे तोवर विचारून घ्या. नाही विचारलंत, तर तुमच्याविषयीही माझं मत फारसं बरं होणार नाही.