ढेकळांतली धग

कासिमिरोनं रानशेणींचं शेवटचं पोतं पाठीवर टाकलं आणि मुद्दाम दोमितिलाच्या समोरून नेलं.

"गुरं माझी, शेणी माझ्या," तो म्हणाला. "तुम्ही आपल्या वाऱ्यावर भाजा बटाटे, वहिनी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती आग चुलीला लागत नाही. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि या धाकट्या दिराचा डोळा तिच्या वावरावर होता. गावाचा नेम सरळ होता: जिला आपले बटाटे काढता येत नाहीत, तिचं वावर भावकीत जातं. आज चार बायका सावडीनं खणायला आल्या होत्या. सावडीचा नेमही सरळच. ज्याच्या हातचा घास खाल्ला, त्याच्या वावरात त्या दिवशी घाम गाळायचा. दुपारी गरम घास मिळाला नाही, तर उद्या कोणी फिरकणार नव्हतं. आणि या उंच पठारावर झाड औषधालाही नाही. शेण नाही तर विस्तव नाही.

बांधावर कासिमिरोची वाटिया पेटली. ढेकळांचा घुमट, आत शेणींचा जाळ. ढेकळं लाल झाली तसे त्यानं बटाटे आत टाकले आणि घुमट वरून पाडला. त्याची माणसं पोटभर खाऊन, तोंड पुसून कामाला गेली. तिच्या बायका कुदळी टेकून बघत राहिल्या.

"चला गं," त्यांतली थोरली इग्नासिया म्हणाली. "इथं काही शिजायचं नाही."

"थांबा जरा."

दोमितिलानं बारके बटाटे निवडून ओच्यात घेतले, बांधावर गेली आणि त्या पडलेल्या ढिगात हात घातला. हात चटकन मागं आला. मग तिनं कुदळीनं ढीग उकरला, बटाटे पुरले आणि वर ढेकळं ओढली.

कासिमिरो धावत आला. "लाज वाटत नाही? धग माझी आहे!"

"आणि ढेकळं? पहाटे कुणाच्या वावरातून उचललीत?" त्याच्या वावरात नुसती वाळू, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. "तुमची धग खुशाल घेऊन जा, भावजी. माझी माती तेवढी ठेवा."

बायका फिदीफिदी हसल्या. त्यानं ढीग उधळायला पाय उचलला.

"आत अन्न आहे," इग्नासिया म्हणाली. "धरणीमातेला लाथ मारतोस का रे?"

पाय खाली आला. पण तो हलला नाही. बटाटे कच्चे निघालेले त्याला डोळ्यांनी बघायचे होते.

ऊन कललं. दोमितिलानं एक बटाटा उकरून काढला. तिनं तो मोडला. पांढरी वाफ तिच्या तोंडावर आली. तिनं तो दिराच्या तळहातावर ठेवला.

"पहिला घास पेटवणाऱ्याचा. घ्या."

सगळ्यांच्या देखत मातीनं दिलेलं नाकारायची त्याची छाती झाली नाही. तिच्यावर डोळे वटारत त्यानं तो सालीसकट गिळला.

तिनं आपली कुदळ उचलून त्याच्यापुढं धरली.

"खाल्लंत ना? मग चला."

त्यानं बायकांकडे पाहिलं. एकही हसत नव्हती. त्यानं कुदळ हिसकावली, तिच्या सरीत शिरला आणि दातओठ खाऊन पहिला घाव घातला. घाव खोल गेला, आणि बटाटे वर आले.